रसायनशास्त्राचे अध्यापक डॉ. हॅरॉल्ड मॅन

पुण्याच्या कृषि महाविद्यालयाच्या आरंभींच्या काळांत ज्या थोर पुरुषांनीं त्यास नांवलौकिक मिळवून दिला, त्यांत डॉ. हॅरॉल्ड मॅन यांची गणना प्रथम करावी लागते. त्यांचा जन्म इ. स. १८७२ मध्यें इंग्लंडांतील यॉर्क शहरीं झाला. रसायनशास्त्रांत प्रावीण्य संपादन करून ते १९०० सालीं हिंदुस्थानांत आले. प्रथम त्यांनीं चहाच्या मळ्यांतील जमिनींची शास्त्रीय परीक्षा केली; पुढें १९०७ सालीं ते पुण्यास प्रिन्सिपॉल म्हणून आले.

रसायनशास्त्राचा अध्यापक म्हटला म्हणजे काचनळ्या, बाटल्या व तराजू यांचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु कृषिरसायनाची खरी प्रयोगशाळा म्हणजे शेतकऱ्याचें शेत होय. नीरेच्या कालव्याखालील कांहीं उत्तम जमिनी खारवट होऊन नापीक झाल्या होत्या. पाणी बेसुमार दिल्यानें भूमिगत पाण्याची पातळी वर चढते, मातींतील क्षार त्याबरोबर वर येतात, आणि उन्हानें पाणी आटलें कीं क्षार तेवढे मागें राहतात. अशा जमिनींस खतापेक्षां निचरा अधिक आवश्यक असतो. मॅनसाहेबांनीं ताम्हणे या सहकाऱ्यासह या जमिनींचा अभ्यास करून तो १९१० सालीं प्रसिद्ध केला.

मातीची परीक्षा झाली. परंतु ती माती कसणाऱ्याच्या स्थितीची परीक्षा कोणी करावयाची? हें कामही या रसायनशास्त्रज्ञानेंच अंगावर घेतलें. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवची त्यांनीं सहकाऱ्यांसह घरोघर, शेतोशेत पाहणी केली व १९१७ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. १७७१ सालीं तेथें एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं ती साडेसतरा एकर झाली आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर राहिली! वारसांच्या वाटण्यांमुळें १५६ मालकांच्या जमिनीचे सातशेंहून अधिक तुकडे पडले होते. शेंकडा ८१ खातीं तर अत्यंत अनुकूल परिस्थितींतही मालकाचें पोट भरण्यास असमर्थ होतीं. कुणबी कितीही कष्टाळू असला, तरी त्या तुकड्यांवर त्याचा संसार कसा चालावा? पुढें कानिटकर यांच्यासह त्यांनीं जातेगांव बुद्रुक या गांवाचीही अशीच पाहणी करून ती १९२१ सालीं प्रसिद्ध केली.

शहरांतील दीनांकडेही त्यांनीं पाठ फिरविली नाहीं. विठ्ठल रामजी शिंदे यांनीं १९०६ सालीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांच्या उन्नतीसाठीं काढलेल्या निराश्रित साह्यकारी मंडळीच्या पुणें शाखेचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. मुंबई इलाख्याच्या शेतकीखात्याचे डायरेक्टर होऊन १९२७ सालीं ते सेवानिवृत्त झाले. परंतु स्वदेशीं वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर वार्धक्यांतही त्यांचें संशोधन चालूच होतें. १९६१ सालीं त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंत रतीभर पदार्थ अचूक तोलण्याची जी संवय आपणांस लागते, ती केवळ परीक्षेंतील गुणांसाठीं नसते. शेजाऱ्याचें दुःखही अंदाजानें न सांगतां नीट मोजून पाहिल्यास त्यावरील उपाय सांपडण्याचा संभव अधिक, हें या अध्यापकानें आपल्या आचरणानें दाखवून दिलें. आज पिंपळे सौदागर येथें शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत. परंतु तेथील कुणब्याच्या स्थितीची त्यांनीं केलेली नोंद अभ्यासकांस अद्याप उपयोगी पडत आहे.