दीड दिवसाच्या शाळेचा शाहीर : अण्णा भाऊ साठे

मुंबईच्या उपनगरांतील लोकलढ्यांचा इतिहास सांगावयाचा झाला, तर घाटकोपरच्या चिरागनगराचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. या वस्तीतील एका झोपडीत लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र आम्ही मुद्दाम देत आहोत. कारण ज्यांना शाळा लाभली नाही, त्यांनी समाजाला काय शिकविले याचे स्मरण शाळेनेच ठेवावयास हवे.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णा भाऊ, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात आहे. शाळेत ते अवघे दीड दिवस टिकले. जातीमुळे वाट्याला आलेल्या अपमानाने त्यांची पाटी कायमची सुटली. पुढे लहान वयातच वडिलांसह ते वाटेगावाहून पायी मुंबईस आले. हमाली, पडेल ती मजुरी, गिरणीतील काम असे सारे त्यांनी केले. दुकानांवरील पाट्या आणि भिंतींवरील जाहिराती वाचता वाचता त्यांना अक्षरे उमगली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगार चळवळीशी त्यांचा निकटचा संबंध आला आणि तेथूनच त्यांच्या लेखणीला दिशा मिळाली.

अण्णा भाऊंच्या शाहिरीचे एक वैशिष्ट्य आम्हांस विशेष मोलाचे वाटते. लढा कोठेही होवो, तो आपल्या माणसांचाच आहे असे मानून ते त्याची कवने रचीत. स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडा रचला; बंगालचा दुष्काळ, तेलंगणातील शेतकऱ्यांचा संग्राम आणि अमळनेर येथे प्राणांस मुकलेले गिरणी कामगार हेही त्यांच्या रचनांचे विषय झाले. अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ च्या सुमारास त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वृत्तपत्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्या, आणि घेतले तरी ते वाचू न शकणाऱ्या कामगारास जगातील लढ्यांची वार्ता या कलापथकाने डफ-तुणतुण्याच्या साथीने पोहोचविली. सरकारने तमाशावर निर्बंध आणले, तेव्हा तोच लोककलाप्रकार त्यांनी लोकनाट्य म्हणून पुन्हा उभा केला. आपण एकटे नाही, आपल्यासारखीच माणसे आपल्या आधीही उभी राहिली होती, हे कळले की भीतीचे ओझे निम्मे होते. अण्णा भाऊंनी हे जाणले होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याची प्रचीती आली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे मोर्चावर गोळीबार झाला. या लढ्यात शंभराहून अधिक जणांनी प्राण वेचले. अशा काळात अण्णा भाऊंनी माझी मैना ही छक्कड रचली. पोटासाठी मुंबईस आलेल्या एका श्रमिकाच्या विरहाची ती कथा आहे. पण ऐकणाऱ्यास त्यात मुंबई व सीमाभागापासून ताटातूट झालेला महाराष्ट्र दिसे. बंदुकीपुढे उभे राहण्याचे धैर्य भाषणांनी येते तसे गाण्यांनीही येते. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले, त्यात शाहिरांचा वाटा मोठा होता.

अण्णा भाऊ साम्यवादी चळवळीत घडले. तथापि बाबासाहेबांविषयीची त्यांची निष्ठा कधी लपून राहिली नाही. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात केलेल्या भाषणात, ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर श्रमिक दलितांच्या तळहातावर तरली आहे, असा विचार त्यांनी मांडला. १९५९ साली प्रसिद्ध झालेली फकिरा ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली. वाटेगावचा फकिरा हा इंग्रजी अमलाविरुद्ध उठलेला वीर. गुन्हेगार ठरविलेल्या जातींच्या माथी मारलेली हजेरी आणि दुष्काळात उपाशी मरणारी माणसे यांसाठी तो लढला. सरकारी दप्तरी दरोडेखोर म्हणून नोंदला गेलेला हा माणूस अण्णा भाऊंनी बंडखोर म्हणून इतिहासात परत आणला. १९६१ साली या कादंबरीस राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियास जाऊन आले व त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी पुस्तकरूपाने लिहिले.

कीर्ती मिळाली, परंतु दारिद्र्य सुटले नाही. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी वयाची एकोणपन्नास वर्षेही पूर्ण केली नव्हती.

याच घाटकोपरात ११ जुलै १९९७ रोजी, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या रमाबाई आंबेडकर नगरच्या रहिवाशांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर तेथील सामान्य माणसांनी चौकशी आयोगापुढे आणि पुढे न्यायालयात साक्षी दिल्या. खटला वर्षानुवर्षे चालला. २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्यास दोषी ठरविले. रोजंदारी बुडवून न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या त्या स्त्री-पुरुषांचे धैर्य हुतात्म्यांच्या धैर्याहून वेगळ्या जातीचे असेल. कमी प्रतीचे खासच नाही.

आमच्या अनेक पालकांची घरे अशाच वस्त्यांत आहेत. पुनर्वसनाच्या सभेत प्रश्न विचारावा की नाही, वॉर्ड ऑफिसातील अर्जावर आपली सही असावी की नाही, साक्षीस जावे की नाही, असे प्रसंग त्यांच्यापुढे नित्य येतात. नाव पुढे आले तर त्रास होईल ही भीती खोटी नाही. अण्णा भाऊंच्या श्रोत्यांनाही ती होती, आणि त्यांच्यापाशी तर कायद्याचे पाठबळही तुटपुंजे होते. आज आमच्या माजी विद्यार्थ्यांपाशी पदवी आहे, संविधान आहे, अर्ज लिहिण्याची भाषा आहे. वस्तीतील एखाद्या अशिक्षित माउलीचा अर्ज लिहून देणे आणि तिच्यासोबत कार्यालयात जाणे, एवढे तरी प्रत्येकाने करावे, ही आमची विनंती आहे.

लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.