रक्तसाक्षी संत थोमास बेकेट

लंडनमधील चीपसाइड पेठेंत एका नॉर्मन व्यापाऱ्याच्या घरीं सुमारें ११२० सालीं थोमास बेकेट जन्मास आले. प्रेषित संत थोमास यांचा सण त्या काळीं २१ डिसेंबरला पाळीत. जन्म त्याच दिवशींचा, म्हणून मुलाचें नांवही तेंच ठेविलें. पुढें कँटरबरीचे आर्चबिशप थिओबाल्ड यांच्या पदरीं राहून त्यांनीं असें कर्तृत्व दाखविलें कीं, ११५५ सालीं तरुण राजा दुसरा हेन्री यानें त्यांस आपलें चॅन्सेलरपद, म्हणजे राजमुद्रा सांभाळण्याचें काम, दिलें. दोघांची मैत्री जडली. ११५९ सालीं टूलूझच्या मोहिमेंत तर हे थोमास चिलखत चढवून सैन्य चालवीत होते!

११६२ सालीं राजानें या मित्रास कँटरबरीच्या पीठावर बसविलें. २ जूनला गुरुदीक्षा, ३ जूनला बिशपपदाचा अभिषेक. ख्रिस्तसभा आतां आपल्या मुठींत आली, असा हेन्रीचा अंदाज होता. थोमासांनीं चॅन्सेलरपद सोडून देऊन तो खोटा ठरविला.

गुन्हेगार धर्मगुरूंचा न्याय कोणीं करावा, यावरून वाद पेटला. येथें राजाचें म्हणणें सर्वस्वीं अन्यायाचें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. धर्मन्यायालयांत देहदंड नव्हता, आणि कित्येक दुष्ट त्या आडोशास राहून सुटत. परंतु जानेवारी ११६४ मध्यें क्लॅरेंडन येथें राजानें जीं सोळा कलमें पुढें केलीं, त्यांत याहून पुष्कळ अधिक होतें. राजाच्या अनुज्ञेवांचून पोपकडे दाद नेऊं नये, बिशपांनीं देश सोडूं नये, रिकाम्या धर्मपीठांचें उत्पन्न राजानें घ्यावें, आणि नव्या बिशपाची निवड राजाच्याच प्रार्थनागृहांत, त्याच्या संमतीनें व्हावी!

थोमास येथें डगमगले. त्यांनीं तोंडी संमति दिली. मग लेखावर मोहर करण्याचें नाकारलें. आणि पश्चात्तापानें कांहीं काळ मिस्सा अर्पण करणेंही सोडून पोपकडे क्षमा मागितली. पुष्कळ चरित्रकार हा प्रसंग घाईनें आटोपतात. आम्हांस तर पुढील सारें धैर्य याच पडण्यांतून उठलेलें दिसतें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नॉर्दम्प्टन येथें राजानें त्यांजकडे चॅन्सेलरपदाच्या काळांतील पैशांचा हिशेब मागितला. थोमास रात्रींच निसटले व फ्रान्सला गेले. राजानें सूड म्हणून त्यांचे आप्त, बायकामुलांसुद्धां, देशाबाहेर घालविले. पोप तिसरे अलेक्झांडर हे सम्राट फ्रेडरिकनें उभ्या केलेल्या विरोधी पोपामुळें स्वतःच फ्रान्सांत परागंदा होते. हेन्रीस दुखविणें त्यांस परवडणारें नव्हतें. थोमासांस पोंटिन्यीच्या सिस्टर्सियन मठानें आश्रय दिला. पण हेन्रीनें आपल्या मुलखांतील त्या संघाच्या मठांस धमकाविल्यावर तेथूनही त्यांस निघावें लागलें.

जून ११७० मध्यें राजपुत्राचा राज्याभिषेक यॉर्कच्या आर्चबिशपांनीं केला. हा कँटरबरीचा हक्क होता. जुलैंत समेट झाला, १ डिसेंबरला थोमास परतले. पण त्या अभिषेकांत भाग घेणाऱ्या बिशपांवर त्यांनीं घातलेला धर्मदंड कायमच होता. नॉर्मंडींत राजा संतापला, आणि त्याचे चार सरदार समुद्र ओलांडून निघाले. २९ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेच्या वेळीं मठवासी कॅथीड्रलचीं दारें लावूं लागले. थोमासांनीं तीं उघडीं ठेवविलीं. तलवारींच्या घावांनीं ते तेथेंच पडले. मध्यें पडणाऱ्या एडवर्ड ग्रिम या धर्मसेवकाचा हातही जखमी झाला. प्रेत उचलतांना वस्त्रांखालीं केसाळ कापडाचा बोचरा अंगरखा सांपडला. ज्यांनीं त्यांस मानाचा लोभी म्हटलें होतें, ते मठवासीही रडले.

फेब्रुवारी ११७३ मध्यें ते संत घोषित झाले. त्याच वर्षीं हेन्रीचे पुत्र व राणी एलेनोर यांनीं बंड केलें. फ्रान्स व स्कॉटलंडचे राजे त्यांस मिळाले. १२ जुलै ११७४ रोजीं हेन्री अनवाणी कँटरबरीस आला, मठवाशांकडून पाठीवर फटके घेतले, आणि रात्रभर समाधीपाशीं उपाशी राहिला. दुसऱ्याच दिवशीं ॲल्निक येथें स्कॉटलंडचा राजा कैद झाला व बंड मोडलें. लोकांनीं त्यांत संताचा हात पाहिला. पोपकडे दाद नेण्याची मोकळीक राजानें दिली व धर्मगुरूंवरील खटल्यांतही बहुतांशीं माघार घेतली. बिशपांच्या निवडीवरील पकड मात्र त्यानें कधींच सोडली नाहीं.

१५३८ सालीं आठव्या हेन्रीनें ती समाधि उद्ध्वस्त केली व प्रार्थनाग्रंथांतून थोमासांचें नांव खोडावयास लाविलें. कित्येक जुन्या पोथ्यांत ती खोड आजही दिसते.