संगीतसूर्य केशवराव भोसले : पडद्यापुढचे आणि पडद्यामागचे

नाटक म्हटले की आपणांस नट आठवतो, त्याचे गाणे आठवते. परंतु पडद्याची दोरी कोणाच्या हाती होती, हे सहसा कोणी विचारीत नाही. संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे अल्पचरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवताना ही दुसरी बाजूही सांगावी, असे आम्हांस वाटते. कारण हा थोर गायकनट तितकाच जाणता नाटक मंडळीचा मालक होता.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरी झाला. घरच्या गरिबीमुळे बालवयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. शाळेचा लाभ त्यांस झाला नाही. मंडळीचे बिऱ्हाड हीच त्यांची पाठशाळा ठरली. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव गाजले आणि १९०८ साली, वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांनी हुबळी येथे ललितकलादर्श मंडळी स्थापन केली.

त्या काळची नाटक मंडळी म्हणजे एक मोठे एकत्र कुटुंबच होते. मालकाने भांडवल उभे करावे, तालीममास्तराने नाटक बसवावे. आज ज्यास आपण दिग्दर्शक म्हणतो, त्याचे काम हा तालीममास्तर करी. रंगपटात नटांचे चेहरे रंगत, कपडेपटात शालू-शेले जपले जात आणि विंगेत उभा असलेला प्रॉम्टर विसरलेला शब्द हलकेच पुरवी. ‘नेपथ्य’ या शब्दाचा मूळ अर्थ पडद्यामागील वेशगृह असा होता. पुढे रंगमंचावरील देखाव्यास ते नाव मिळाले. समोर दर्शनी पडदा, दोहों बाजूंस विंगा, वर झालरी आणि पाठीमागे राजवाडा वा अरण्य रंगविलेला पडदा, अशी त्या देखाव्याची मांडणी असे.

केशवरावांनी या अंगाकडे कधी दुर्लक्ष केले नाही. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या कलावंत बंधूंकडून त्यांनी पडदे रंगवून घेतले. दर्शनी पडदा मखमलीचा करण्याचे श्रेयही त्यांसच दिले जाते. मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्याच्या चालीवरील नाटक त्यांनी रंगभूमीवर आणले. राजर्षी शाहू छत्रपतींचा वरदहस्त त्यांच्या मस्तकी होता.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या ग्रँट रोडवरील बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर! धंद्यात प्रतिस्पर्धी असलेल्या दोन मंडळ्या देशकार्यासाठी एका रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवराव निवर्तले.

मालक गेला की मंडळी मोडावी, हा तेव्हाचा नेहमीचा अनुभव. ललितकलादर्श मात्र मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी धुरा उचलली आणि पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने मंडळीचा लौकिक वाढविला. केशवरावांनी लावलेली शिस्त एका गळ्यावर अवलंबून नव्हती, हेच यातून दिसून येते.

आमच्या परळ-लालबागेतही ही परंपरा रुजली. १९२२ सालच्या दामोदर नाट्यगृहात गिरणीकामगारांनी आपली नाटके केली. दिवसा साच्यावर राबणारे हात रात्री पडदे ओढीत. त्यांची नावे कोठे उरली? आम्हीही शाळेत वर्षानुवर्षे संमेलनाची नाटके बसविली. परंतु कार्यक्रमपत्रिकेत पडदा ओढणाऱ्या मुलाचे नाव एकदाही छापले नाही. त्याची खंत आज वाटते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, जयंतीच्या पूर्वसंध्येस, कोल्हापूरचे केशवरावांच्या नावाचे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. भिंती पुन्हा उभारता येतील. परंतु आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात यापुढे नटांबरोबर पडदेवाले, रंगपटवाले आणि प्रॉम्टर यांचीही नावे वाचली जावीत, एवढीच आमची तरुण बांधवांस नम्र सूचना आहे. केशवरावांचे खरे स्मरण त्यातच आहे.