डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे

कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, कुंभकोणमजवळ आडुतुरै येथे १९२२ पासून भाताच्या वाणांवर संशोधन चालते. एका वाणाचे उत्पन्न दुसऱ्यापेक्षा अधिक आले, तर तो वाणाचा गुण मानावा की केवळ योगायोग, हा प्रश्न अशा प्रत्येक केंद्रापुढे उभा राहतो. त्याचा निवाडा संख्याशास्त्रातील कसोट्यांच्या आधारे केला जातो. हे शास्त्र शेताच्या बांधापर्यंत आणि गरिबाच्या ताटापर्यंत नेणारे मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. फिशर, नेमन आणि इगॉन पिअर्सन हे आधुनिक कसोट्यांचे शिल्पकार तेव्हा तेथे होते. १९३६ मध्ये सुखात्मे यांनी डॉक्टरेट मिळवली.

कसोटी लावताना प्रथम दोन वाणांत फरक नाही असे गृहीत धरतात. ही शून्य परिकल्पना होय. ती खरी असता हाती आलेल्याएवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने पडणे फारच दुर्मीळ असेल, तर ती नाकारतात. ती नाकारता आली नाही, म्हणजे दोन्ही वाण सारखेच ठरले असे मात्र नव्हे. पुरावा अपुरा पडला, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय नेहमीची टी-कसोटी दोन्ही गटांतील चढउतार सारखेच मानते. ते तसे नसतील तर कसोटीही वेगळी हवी. अशा प्रसंगासाठी असलेल्या फिशर-बेहरेन्स कसोटीची कोष्टके सुखात्मे यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केली.

१९४० मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. पिकाचा अंदाज तेव्हा बहुधा नजरेनेच बांधला जाई. त्याऐवजी यादृच्छिक निवडलेल्या शेतांतील ठरावीक तुकडा कापून पीक तोलण्याची पद्धत त्यांनी रुजवली. तुकडा अगदी लहान घेतला, तर कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. ही चूक नमुने वाढवूनही जात नाही. तुकड्याच्या आकारावरून महालनोबिस यांच्याशी त्यांचा मतभेद झाला.

१९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. जगातील दोन तृतीयांश लोक भुकेले आहेत, असा तेव्हा समज होता. १९६१ मध्ये सुखात्मे यांनी उपाशी लोकांचे प्रमाण १० ते १५ टक्के असल्याचे मांडले. सकस आहाराअभावी ग्रासलेल्यांची संख्या मात्र याहून पुष्कळ मोठी होती. पुढे भारतातील दारिद्र्यरेषेवरून दांडेकर आणि त्यांच्यात गाजलेला वाद झाला. आहाराची ठरवलेली गरज ही सरासरी असते, म्हणून तिच्याहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही, असे सुखात्मे यांचे म्हणणे होते. कमी आहारावर निभावणे ही लाचारीही असू शकते, असा टीकाकारांचा आक्षेप होता. रेषा वर नेली तर निरोगी माणसे भुकेल्यांत मोजली जातात. खाली आणली तर खरे भुकेले सुटून जातात. कोणती चूक अधिक महाग, हे केवळ गणित ठरवू शकत नाही.

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आकड्यांमागे माणसे असतात, म्हणून आकडा तपासूनच स्वीकारावा, ही शिकवण त्यांच्या कार्यातून मिळते.