एका डॉलरची दहा वर्षं

सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड सुटलं की थोड्याच वेळात केडगाव लागतं. आपली गाडी तिथे सहसा थांबत नाही. पुढच्या खेपेला मोबाइलमधून मान वर काढून बघा. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच गावात आहे.

रमाबाई तुम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटल्या असतील. १८५८चा जन्म, संस्कृत मुखोद्गत, चोविसाव्या वर्षी वैधव्य, १८८३मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. एवढं पाठ असतं. पण बाईंनी पैसा कसा उभा केला, हे फारसं कोणी सांगत नाही. खरी परीक्षा तिथेच झाली.

१८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या अमेरिकेत गेल्या आणि भाषणं देत फिरल्या. १८८७च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघालं. सभासदांनी शब्द दिला : वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं. देणारे बहुतेक चर्चला जाणारे, पण अट अशी की शाळेत धर्म शिकवायचा नाही! त्या पैशांतून ११ मार्च १८८९ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलेल्या गोदूबाई तिथल्याच. १८९०मध्ये सदन पुण्याला आलं.

आणि वाद पेटला. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. १८९३मध्ये केसरीने झोड उठवली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पंचवीसेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहिला असता? मला पालकांची भीती खोटी वाटत नाही, शब्द दिलेला होता ना! पण स्वतःच्या खोलीचं दार उघडं ठेवणं म्हणजे शब्द मोडणं का, हे काही नीट ठरवता येत नाही. डॉलर मात्र येत राहिले.

१८९८ला ती दहा वर्षं संपणार होती. पुढे काय? म्हणून बाईंनी केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. तेवढ्यात १८९६-९७चा दुष्काळ आला आणि मध्य प्रांतातून त्यांनी तीनशेक मुली आणल्या. ठेवायच्या कुठे? त्याच जमिनीवर. हे घर मात्र उघडपणे ख्रिस्ती होतं. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने कोणापुढे हात न पसरता, नुसत्या प्रार्थनेच्या भरवशावर अनाथाश्रम चालवला होता. त्याचं चरित्र बाईंनी वाचलं होतं, तीच वाट धरली.

आता, पैसे आभाळातून पडत नव्हते हं. अमेरिकेत नवं मंडळ निघालं, मुक्तीची पत्रिका परदेशी जायची, ती वाचून लोक जमेल तसं पाठवायचे. शिवाय मुली स्वतः शेती, विणकाम, छपाई करायच्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोनेक हजार माणसं जेवत होती. रोज!

शेवटची वर्षं बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ला त्या स्वतः. बायबलचे खिळे जुळवले, छापलं, बांधलं ते केडगावच्या बायकांनीच.