लुई ब्रेल : जखम एका डोळ्याला, अंधत्व दोन्ही डोळ्यांना

ब्रेल लिपी तुम्हाला ऐकून माहीत असेल. ती तयार करणाऱ्या माणसाची दृष्टी कशी गेली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. घरात लहान मूल असेल तर ही हकीकत जरूर वाचा.

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या गावी झाला. पॅरिसपासून हे गाव साधारण ४० किलोमीटरवर आहे. वडील घोड्यांचे खोगीर आणि चामडी साज बनवत. तीन वर्षांचा लुई एकदा वडिलांच्या कामाच्या खोलीत खेळत असताना टोकदार अवजार, बहुधा चामड्याला भोक पाडायची आरी, त्याच्या एका डोळ्यात घुसली. जखमी डोळा तर गेलाच. पण पाच वर्षांचा होईपर्यंत दुसऱ्या, धडधाकट डोळ्यानेही त्याला दिसेनासे झाले.

दुसरा डोळा का गेला? जुन्या चरित्रांत संसर्ग पसरल्याचे लिहिलेले असते. आज अनेक नेत्रतज्ज्ञांना तो सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया वाटतो. या आजारात एका डोळ्याला आरपार जखम झाल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती डोळ्याच्या आतल्या पडद्यांवरच हल्ला करते आणि दुसऱ्या डोळ्यालाही सूज येते. हा आजार दुर्मीळ आहे. तो बहुतेकदा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत दिसतो, क्वचित कित्येक वर्षांनीही. १८१२ मध्ये ना प्रतिजैविके होती, ना स्टेरॉइड. आज दोन्ही आहेत, पण मूल वेळेत पोहोचले तरच त्यांचा उपयोग.

म्हणून कात्री, कर्कटक, सुई, धनुष्यबाणाची काडी असे काही डोळ्याला लागले तर डोळा चोळू देऊ नका, धुऊ नका, रुतलेली वस्तू ओढून काढू नका. मध, तूप, दूध, गुलाबपाणी काहीही घालू नका. कागदी कप डोळ्यावर पालथा ठेवून चिकटपट्टीने बसवा. डोळ्यावर दाब येता कामा नये. मुलाला खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर नेत्रशल्यचिकित्सकाकडे जा. चुन्याचे मात्र उलटे आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुले दाबतात आणि ती डोळ्यावर फुटते. अशा वेळी दवाखान्याच्या वाटेला लागण्याआधीच नळाखाली डोळा निदान अर्धा तास धुवा, मग निघा.

टाके घातले म्हणजे काम संपले, असे पालकांना वाटते. तसे नाही. पुढे चांगला डोळा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा.

लुईच्या आईवडिलांच्या हाती औषध नव्हते, पण त्यांनी मुलाला घरात कोंडून ठेवले नाही. गावच्या शाळेत तो डोळस मुलांबरोबर बसला आणि दहाव्या वर्षी, १८१९ मध्ये, पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत गेला. तिथली पुस्तके उठावदार मोठ्या अक्षरांची होती. वाचायला संथ आणि लिहायला तर अशक्यच. शार्ल बार्बिए या निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याची बारा टिंबांची पद्धत त्याच्या हाती आली, पण एक चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावत नसे. लुईने ती सहा टिंबांवर आणली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ मध्ये ही पद्धत छापून आली. पुढे त्याच शाळेत ते शिक्षक झाले, चर्चमध्ये ऑर्गनही वाजवत.

क्षयाने ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस उलटून दोनच दिवस झाले असताना, ते गेले. त्यांच्या शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. अंध मुलांची मराठी पाठ्यपुस्तके आज त्याच सहा टिंबांत निघतात.