निवडणुकीत पडलेले बाबासाहेब

नगरपालिकेचा निकाल लागला की माझं एक काम ठरलेलं असतं. निवडून आलेलीच्या दारात गुलाल, फटाके, गर्दी असतेच. मी जाते ती पडलेल्या बाईकडे, आणि तिच्यासाठी उन्हातान्हात घरोघर फिरलेल्या बचत गटातल्या मैत्रिणींकडे. कुणी आठ-आठ दिवस घराबाहेर पडत नाही. कुणी म्हणते, आता राजकारणाचं नाव नको. अशा वेळी मी त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेवटच्या पाच वर्षांबद्दल सांगते. संविधान आणि महाडचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, पण ते लोकसभेला दोनदा पडले होते हे पुष्कळजणींना ठाऊकच नसतं.

१८९१ साली महूला जन्मलेला हा मुलगा साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसून शिकला. पुढे अमेरिका, इंग्लंड, मोठमोठ्या पदव्या, आणि १९४७ मध्ये स्वतंत्र भारताचं कायदामंत्रिपद. तिथे त्यांनी हाती घेतलं ते हिंदू कोड बिल. नवऱ्याला एकच बायको, छळ होत असेल तर घटस्फोट, बापाच्या मालमत्तेत मुलीला वाटा, विधवेला मिळालेल्या इस्टेटीवर तिची पूर्ण मालकी. म्हणजे सगळं आपल्यासाठीच! केवढा गदारोळ झाला त्यावर. सनातनी मंडळी तर विरोधात होतीच, खुद्द काँग्रेसमधलेही बरेच जण होते. बिल रखडत रखडत शेवटी बाजूला पडलं. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. त्यामागे इतरही कारणं होती, पण हे मोठं होतं.

लगेच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. उत्तर मुंबईतून ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे राहिले. समाजवाद्यांशी युती होती आणि अशोक मेहता त्यांच्याच मतदारसंघात सर्वसाधारण जागा लढवत होते. जानेवारी १९५२ मध्ये निकाल लागला तेव्हा दोघंही पडले. काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांनी बाबासाहेबांना साडेचौदा हजारांच्या फरकाने हरवलं. ज्यांनी संविधानाचा मसुदा घडवला, त्यांना त्याच संविधानाखालच्या पहिल्या निवडणुकीत हार पत्करावी लागली. कार्यकर्त्यांच्या जिवाला काय वाटलं असेल! सोलापुरात पां. ना. राजभोज निवडून आले, तेवढाच महाराष्ट्रात दिलासा.

बाबासाहेबांनी दुःख लपवलं नाही, हे मला फार आवडतं. मुंबईत एवढा पाठिंबा असताना मतं गेली कुठे, असा प्रश्न त्यांनी जाहीरपणे विचारला. हजारो मतं बाद झाली होती, त्याविरुद्ध मेहतांबरोबर रीतसर निवडणूक अर्जही केला. तो फेटाळला गेला. झालं, तो विषय संपला. तोवर ते कामाला लागलेही होते. मुंबई विधानसभेच्या सदस्यांनी त्यांना राज्यसभेवर निवडून दिलं. आपल्याकडे याला मागचं दार म्हणून नाकं मुरडतात. मुरडू देत बापडे. जूनमध्ये ते न्यूयॉर्कला जाऊन कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी घेऊन आले.

१९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लागली. मधुमेह होता, पाय दुखायचे, चालायला आधार लागायचा, तरी ते उभे राहिले आणि प्रचाराला गेले. पुन्हा पडले. या वेळी अशोक मेहता मात्र निवडून आले. सोबतचा जिंकतो आणि आपण हरतो, हे किती टोचतं ते आपल्या गावातल्या पॅनेलवाल्या बायकांना विचारा.

पण इकडे दिल्लीत एक गंमत चालली होती. गंमत म्हणू की काय म्हणू! ज्या बिलासाठी त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्याचेच तुकडे करून त्याच सरकारने एकेक कायदा आणायला सुरुवात केली. १९५५ मध्ये विवाह कायदा झाला. १९५६ च्या जूनमध्ये वारसा कायदा आला. मुलीला वाटा मिळाला, विधवेला मालकी मिळाली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मतः हक्क मुलीला मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ साल उजाडलं, पण सुरुवात तिथली.

कायदामंत्री दुसरे होते, श्रेय दुसऱ्यांच्या नावावर लागत होतं, आणि हे राज्यसभेच्या बाकावर होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. रात्र रात्र जागून बुद्धावरचा ग्रंथ लिहिणं चालूच होतं. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीतल्या घरी झोपेतच ते गेले.

दत्तक आणि पोटगीचा कायदा त्यानंतर पंधरा दिवसांनी झाला.